अम्हारिक आणि तगालोगची तुलना करायचीय? आधी शब्दांची यादी बाजूला ठेवा

दुबई-शारजाकडे राहणाऱ्या मराठी माणसाच्या कानावर या दोन्ही भाषा येता-जाता पडतात, लिफ्टमधे फिलिपिनो मंडळी तगालोगमधे खिदळत असतात आणि खाली कॉफीच्या दुकानात इथिओपियाची माणसं अम्हारिकमधे, मग एखाद्या सुट्टीच्या दिवशी डोक्यात किडा वळवळतो की बघू तरी या दोघींत काय सारखं आणि काय वेगळं. मी पहिल्यांदा जे केलं ते तुम्ही करू नका. वहीत दोन रकाने आखले आणि पाणी म्हणजे वुहा न् तुबिग, घर म्हणजे बेत न् बाहाय, असं पानभर भरत बसलो. हाती काय आलं तर दोन्ही भाषा वेगळ्या आहेत. अरे ते तर माहीतच होतं! अम्हारिक सेमिटिक, म्हणजे अरबी-हिब्रूच्या भावकीतली, आणि तगालोग ऑस्ट्रोनेशियन, मलयच्या भावकीतली.

उलट यादीत फसायलाच होतं. अम्हारिकमधे नमस्काराला सेलाम, तगालोगमधे थँक्यूला सालामात, झालं, नातं सापडलं म्हणून मी खूश. पण सालामात हा मूळचा अरबी शब्द, मलयमार्गे फिलिपिन्सला पोचलेला, आणि सेलाम अम्हारिकच्या घरचाच. आपण सलाम आणि सलामत दोन्ही म्हणतो म्हणून मराठी काही सेमिटिक होत नाही ना.

तर करायचं काय? तिसरा रकाना मराठीचा आखा आणि शब्द नाही तर अख्खं वाक्य घ्या. "मी पाणी पितो" घ्या. अम्हारिकमधे ते साधारण "इने वुहा इतेत्तालेहु", म्हणजे मी, पाणी, पितो, क्रम आपलाच. तगालोगमधे "उमीइनोम आको नांग तुबिग", आधी पितो, मग मी, मग पाणी. अम्हारिक मराठी माणसाला वाक्याच्या क्रमात सोपी जाते ती यामुळे, तिथेही शेवटपर्यंत ऐकल्याशिवाय माणसाने नक्की काय केलं ते कळत नाही.

मोठा मजकूर हवा असेल तर 1948 चा मानवी हक्कांचा जाहीरनामा घ्या, तिन्ही भाषांत मिळतो. पण सांभाळून. त्याच्या पहिल्या कलमाचं अम्हारिक वाक्य "नेव" म्हणजे "आहे"ने संपतं, ते ठीक, पण तगालोग वाक्य क्रियापदाने सुरू होतच नाही, "सगळी माणसं" आधी येतात. लिखित, औपचारिक तगालोगमधे "आय" नावाचा छोटा शब्द घालून कर्ता पुढे आणतात. नुसता जाहीरनामा बघितलात तर चुकीचा नियम वहीत उतरवाल, म्हणून सोबत बोलण्यातली चारपाच वाक्यं घ्याच.

आता एक धातू घ्या आणि तो पिळून बघा, खरी गंमत इथे आहे. अम्हारिकमधे मोडण्याचा धातू म्हणजे स-ब-र ही तीन व्यंजनं. सेब्बेरे म्हणजे त्याने मोडलं, तेसेब्बेरे म्हणजे ते मोडलं, यिसेब्राल म्हणजे तो मोडतो, सेबारी म्हणजे मोडणारा. व्यंजनं खुंटीसारखी जागेवर आणि स्वर बदलत राहतात. आपल्याकडे पड-पाड, मर-मार, तुट-तोड होतं ना, तसंच काहीसं, पण अख्ख्या भाषेभर. तगालोग शब्दाच्या पोटात तुकडा घुसवते आणि पहिलं अक्षर परत म्हणते: बिली हा विकत घेण्याचा धातू, बुमिली म्हणजे घेतलं, बुमिबिली म्हणजे घेतोय, बिबिली म्हणजे घेणार. आणि बिनिली म्हटलं की वाक्याचं सगळं लक्ष घेतलेल्या वस्तूवर जातं. हे पुस्तकातून समजायला मला फार वेळ लागला, मग "मी आंबा खाल्ला, मी चिंच खाल्ली" आठवलं, तिथे आपलंही क्रियापद खाणाऱ्याला सोडून खाल्लेल्या वस्तूच्या मागे जातंच की. तंतोतंत तेच नाही, पण पाय ठेवायला जागा मिळते.

लिपीबद्दल एकच प्रश्न विचारायचा, ही काय लपवते? अम्हारिकची फिदेल म्हणजे आपल्या बाराखडीची बहीणच वाटते, 33 ओळी आणि प्रत्येकीत 7 रूपं, पण जोडाक्षर नाही. त्यामुळे "गेना" म्हणजे अजून आणि "गेन्ना" म्हणजे नाताळ, दोन्ही लिहायला एकसारखेच. आपण रसा आणि रस्सा एकसारखं लिहिलं तर काय होईल विचार करा. तगालोग आता रोमनमधे लिहितात आणि त्यात आघात लपतो, "बाका" पहिल्या अक्षरावर जोर दिला तर गाय, दुसऱ्यावर दिला तर "कदाचित". तगालोगची जुनी लिपी बायबायिन मात्र ब्राह्मीच्या वंशातली, म्हणजे देवनागरीची लांबची नातेवाईक, 1593 साली मनिलात छापलेल्या ख्रिस्ती पुस्तकात ती आहे.

मग सर्वनामं. इथे पारडं फिरतं. आपलं "आपण" आणि "आम्ही" तगालोगमधे जसंच्या तसं आहे, तायो आणि कामी, अम्हारिकमधे दोन्हीला एकच इन्या. पण "तू" म्हणताना अम्हारिक बाईला आन्ची आणि पुरुषाला आन्ते म्हणते, मोठ्या माणसाला इर्स्वो, आणि तगालोगमधे तो आणि ती दोघांना सिया. ऑफिसात फिलिपिनो सहकारी इंग्रजी बोलताना ही-शीची अदलाबदल करतात ना, ते यातूनच. मान द्यायचा तर वाक्यात "पो" टाकतात, आपल्या "हो जी"तल्या जीसारखा.

उसने शब्द शेवटी बघा, आणि बक्षीस म्हणून बघा. तगालोगमधे बादलीला बाल्दे, साबणाला साबोन, चिकूला चिको, हे स्पॅनिशमधून, आणि आपल्याकडे बालदी-साबण पोर्तुगीजांकडून. गुरो म्हणजे शिक्षक आणि मुखा म्हणजे चेहरा, हे तर संस्कृतचेच. अम्हारिकमधे गाडीला मेकिना म्हणतात, तो इटालियन.

आणि वही भरली की त्यातली दहा वाक्यं कुणा बोलणाऱ्याकडून वाचून घ्या, फोनवर रेकॉर्ड करा, सावकाश वाचायला सांगू नका, कारण सावकाश वाचताना माणूस आघात आणि द्वित्त (गेन्नातल्या न्नसारखं दुहेरी व्यंजन) दोन्ही बदलतो.