स्कूल बोर्डाला उभे राहताय? मग या चुका टाळा

जुलैचा शेवटचा सोमवार, दुपारी चार वाजता. न्यू जर्सीत नोव्हेंबरच्या स्कूल बोर्ड (सरकारी शाळांवर देखरेख करणारं निवडून आलेलं मंडळ) निवडणुकीचं पिटिशन, म्हणजे मतदारांच्या सह्या असलेला उमेदवारी अर्ज, काउंटी क्लर्ककडे (जिल्ह्याच्या कचेरीत) पोचवायची ही शेवटची वेळ. चार म्हणजे चार. ‘पार्किंग मिळालं नाही’ वगैरे तिथे चालत नाही. आणि जुलैत आपल्याकडे काय चाललेलं असतं? अर्धी डेव्हलपमेंट (घरांची वसाहत) पुण्या-ठाण्याला गेलेली, उरलेली बॅगांचं वजन करत बसलेली. माझी एक मैत्रीण आमच्या टाउनमध्ये उभी राहिली तेव्हा तिच्यासाठी सह्या गोळा करत मी फिरलो. ज्यांच्या भरवशावर ती उभी राहिली, त्यांच्यातल्या कित्येकांच्या दारावर बेल वाजवली तर आतून कुत्रंसुद्धा भुंकलं नाही. व्हॉट्सअॅपवर मात्र सगळ्यांचा अंगठा होता, ठाण्याहून.

आपल्या लोकांची मूळ चूक हीच. ग्रुपवरचा उत्साह आपण मतांमध्ये मोजतो. इथली उपनगरी बोर्डं साधारण नऊ जणांची असतात, मुदत तीन वर्षांची, दरवर्षी तीन जागा निवडणुकीला. पगार शून्य. पक्षाचं चिन्ह नाही. २०१२च्या कायद्यानंतर बहुतेक डिस्ट्रिक्टनी (म्हणजे एका बोर्डाखालच्या शालेय विभागांनी) ही निवडणूक एप्रिलमधून उचलून नोव्हेंबरमध्ये नेली, त्यामुळे गव्हर्नर आणि सिनेटरच्या गर्दीत आपली तीन नावं बॅलटच्या (मतपत्रिकेच्या) कुठल्या तरी कोपऱ्यात जातात. तिथवर हात न पोचवताच परत येणारे मतदार भरपूर.

सह्या ‘मोजून’ घेणं

आम्ही सगळे कागद किचनच्या ओट्यावर पसरले, शेजारी लॅपटॉपवर मतदार यादी उघडली आणि एकेक नाव ताडून बघितलं. अर्ध्या तासात धाबं दणाणलं. एका काकांनी सही केलेली, पण ते पंधरा वर्षं ग्रीन कार्डवरच. एका वहिनींनी स्वतःची सही केली आणि खाली त्याच पेनाने, त्याच वळणात, नवऱ्याचीही केली. ‘तो ऑफिसात होता ना.’ एकाच्या पत्त्यात प्रिन्स्टन होतं म्हणून आम्ही त्याला डिस्ट्रिक्टबाहेरचा समजून खोडणार होतो, तर घर साउथ ब्रन्सविकमध्ये निघालं. पोस्टाचं गाव आणि टाउनशिप यांचा या भागात काही संबंध असेलच असं नाही. उलटंही होतं, म्हणून टाउनशिपचं नाव टॅक्स बिलावरून पक्कं करा.

उपाय साधा आहे. किमान जितक्या सह्या लागतात त्याच्या दुप्पट घ्या, आणि जूनमध्ये, शाळेला सुट्टी लागायच्या आत घ्या. किमान आकडा त्या वर्षीच्या उमेदवार-किटमध्ये बघा. तीन वर्षांपूर्वी उभ्या राहिलेल्या मित्राला विचारून धरलेला आकडा नको. स्वतःची पात्रताही तेव्हाच तपासा: नागरिकत्व, मतदार नोंदणी, डिस्ट्रिक्टमध्ये किमान एक वर्ष वास्तव्य, आणि बोर्डाशी कुठलाही धंद्याचा करार नाही ना. तुमची किंवा बायकोची कंपनी शाळेला काही पुरवत असेल, तर आधी वकिलाला विचारा.

जे नागरिक नाहीत, त्यांना ओढणं

या चुकीची किंमत उमेदवार चुकवत नाही, दुसरंच कोणीतरी चुकवतं, म्हणून इथे थोडं थांबतो.

मत फक्त अमेरिकन नागरिकाचं. पिटिशनवर सहीही नोंदणीकृत मतदाराचीच. ग्रीन कार्डवाल्याने ‘शाळेचीच तर निवडणूक आहे, टॅक्स तर मीही भरतो’ म्हणून मत दिलं, तर नागरिकत्वाच्या अर्जाच्या वेळी ते भूत बाहेर येतं. त्यातून थेट हद्दपारीपर्यंत प्रकरण जाऊ शकतं. २०१८च्या नोव्हेंबरपासून न्यू जर्सीत लायसन्सचं काम करायला गेलं की नोंदणीही आपोआप होते. तुम्ही नकार द्यायचा असतो. खिडकीवरच्या घाईत एखाद्याने चुकीच्या जागी टिक केलं की महिन्याभरात घरी मतदार म्हणून पत्र येतं. आलं तर खूश होऊ नका. मत देऊ नका, काउंटीला लेखी कळवून नाव काढून घ्या, त्या पत्राची प्रत जपून ठेवा आणि इमिग्रेशन वकिलाशी बोला.

पैशांचं याहून किचकट. ग्रीन कार्डवाला देणगी देऊ शकतो. एच-वन (नोकरीच्या) किंवा एच-फोर (एच-वनवाल्याच्या कुटुंबाच्या) व्हिसावरच्या माणसाने मात्र कुठल्याही निवडणुकीत, अगदी स्कूल बोर्डाच्यासुद्धा, एक डॉलरही द्यायचा नाही. हा फेडरल कायदा आहे. आपल्याकडे ‘चला, सगळ्यांनी वीस-वीस डॉलर काढा’ अशी वर्गणी गणपतीसारखी गोळा होते, तिथेच घोळ होतो. कोणाचा व्हिसा काय ते विचारायला आपल्याला लाज वाटते. विचारा. देणगीच्या फॉर्मवर एक चौकोन ठेवा, म्हणजे तोंडाने विचारायची वेळ येत नाही.

मग ही मंडळी करू शकतात काय? बरंच. फुकट काम करू शकतात: दारोदार फिरणं, फोन, लॉन साइन (अंगणातल्या प्रचाराच्या पाट्या) ठोकणं. फक्त पैसा कुठे खर्च करायचा हे त्यांनी ठरवायचं नाही. आणि बोर्ड मीटिंगमध्ये नागरिकांना बोलायची वेळ राखून ठेवणं बोर्डावर बंधनकारक आहे. तिथे उभं राहून बोलायला पासपोर्टचा रंग कोणी विचारत नाही. एच-फोरवरच्या एका आईने बसस्टॉपवर दिवा नाही म्हणून केलेलं दोन मिनिटांचं बोलणं मी ऐकलंय. त्या रात्रीच्या सगळ्या भाषणांत तेवढंच लक्षात राहिलं.

गणपतीच्या स्टेजवर उमेदवार

सप्टेंबरात आरती झाली की कोणीतरी माइक घेऊन म्हणतं, ‘आपली ताई यंदा उभी आहे, सगळ्यांनी…’ तिथेच माइक काढून घ्या. आपली मंडळं, देवळं, रविवारच्या मराठी शाळा बहुतेक करमुक्त धर्मादाय संस्था म्हणून नोंदलेल्या असतात, आणि मंडळासारख्या अशा संस्थेने कुठल्याही उमेदवाराचा प्रचार करायचा नाही असं १९५४पासून करकायद्यात आहे. पीटीएलाही (पालक-शिक्षक संघाला) सहसा तेच बंधन. सगळ्या उमेदवारांना सारखी वेळ देऊन प्रश्नोत्तरं ठेवा, ते चालतं. ताई प्रसादाच्या रांगेत उभी राहून चार लोकांशी बोलली तर तेही चालतं, आणि खरं सांगायचं तर मतं तिथेच जास्त मिळतात.

बोर्डाच्या हातात नसलेलं आश्वासन

‘निवडून आले तर गणिताचा ॲक्सिलरेटेड ट्रॅक सहावीपासून आणीन.’ ‘अमुक शिक्षकाला हलवीन.’ ‘दिवाळीची सुट्टी!’ यांतलं एकटा सदस्य काहीच करू शकत नाही. बोर्ड ठराव करतं, तेही बहुमताने, उघड्या मीटिंगमध्ये. शिक्षकाची नेमणूक सुपरिंटेंडंटच्या (डिस्ट्रिक्टच्या शाळांच्या प्रशासकीय प्रमुखाच्या) शिफारशीशिवाय होत नाही. अभ्यासक्रमाची चौकट राज्याची. सदस्यांच्या आचारसंहितेतच लिहिलंय की शाळा चालवणं हे त्यांचं काम नाही. त्या नीट चालतात की नाही हे बाकीच्या सदस्यांसोबत बघणं हे त्यांचं काम. दिवाळीची सुट्टी कॅलेंडरमध्ये घालता येते, अनेक टाउनमध्ये आहेही. पण ती नसली तरी राज्याच्या धार्मिक सणांच्या यादीतल्या दिवशी मूल घरी राहिलं तर गैरहजेरी माफ असते, हे आपल्याच पालकांना माहीत नसतं.

बोर्ड जिथे खरंच निर्णय घेतं ते म्हणजे पैसा. प्रॉपर्टी टॅक्सच्या बिलातला साधारण अर्धा शाळेचा असतो, आणि दरवर्षीची वाढ, काही अपवाद सोडले तर, २ टक्क्यांवर बांधलेली आहे. आरोग्यविमा आणि बसेसचा खर्च त्याहून वेगाने वाढला की काय कापायचं? व्हायोलिन, की मिडल स्कूलचा समुपदेशक? दारावरच्या आजोबांचा हाच प्रश्न असतो. त्यांची मुलं केव्हाच शाळा संपवून गेलेली असतात, पण मतदानाला ते न चुकता जातात. त्यांना ऑलिंपियाड ऐकवू नका.

आणि अभ्यासाच्या ताणावर बोलताना ‘आपले पालक’ असं एकच मत धरून चालू नका. २०१५ साली वेस्ट विंडसर-प्लेन्सबरोमध्ये सुपरिंटेंडंटने मुलांवरच्या ताणाबद्दल पालकांना लांबलचक पत्र लिहिलं, हायस्कूलच्या मिडटर्म आणि फायनल बंद झाल्या, आणि पालकांत उभी फूट पडली. ती फूट एकाच घरात, जेवणाच्या टेबलावरही होती.

तीन मतं, आणि ‘कोणाला तरी’

तीन जागा असल्या की ‘कोणतेही तीन’ निवडायची मुभा असते. आपला माणूस ताईला मत देतो, मग उरलेली दोन वाया जाऊ नयेत म्हणून ओळखीचं वाटेल त्या नावावर शिक्का मारतो. तिसऱ्या जागेसाठी ताईशी झुंजणारा नेमका तोच असतो. बाकीचे उमेदवार खरंच पटले असतील तर तीनही मतं द्या. नसतील पटले तर रिकामं सोडा. बॅलट बाद होत नाही. एखाद्या अर्धवट मुदतीची जागा असेल तर ती वेगळी छापलेली असते, तिच्यातली मतं या तिनांत मिसळत नाहीत.

पोस्टाचं मत: बहुतेक गोंधळ इथलेच

भरलेलं बॅलट ज्यात घालायचं त्या आतल्या पाकिटाला जोडलेला सर्टिफिकेटचा कागद फाडायचा नाही. लोक नीटनेटकेपणा म्हणून फाडतात. त्यावर सही करायची, नोंदणीच्या वेळी केली तशीच. पंधरा वर्षांत आपली सही बदललेली असते, काहींची मराठीतून इंग्रजीत गेलेली. काउंटीकडून सही जुळत नसल्याचं पत्र आलं तर त्याच दिवशी उत्तर द्या. भरलेलं बॅलट मतदान केंद्रावर नेऊन देता येत नाही. ड्रॉप बॉक्समध्ये टाका, किंवा निवडणुकीच्या दिवसाचा तरी शिक्का बसेल असं पोस्टात. पोस्टाने बॅलट मागवलेला माणूस केंद्रावर गेला तर त्याला प्रोव्हिजनल बॅलट मिळतं, म्हणजे मोजणी नंतर. आणि सगळ्या डेव्हलपमेंटची पाकिटं गोळा करून नेणारे उत्साही दादा: एका माणसाने तिघांपुरतीच न्यायची, नावासह सही करून. उमेदवाराने तर आपल्या घरच्यांशिवाय कोणाचंही हातात धरायचं नाही.

निनावी कार्ड आलं तर

२०१७ला एडिसनमध्ये मतदानाच्या काही दिवस आधी घरोघरी एक कार्ड पडलं. चिनी वंशाचा एक उमेदवार आणि भारतीय वंशाची एक उमेदवार, दोघांचे फोटो आणि वर ‘हद्दपार करा’ असा शिक्का. पाठवणाऱ्याचं नाव नाही. दोघेही निवडून आले. अशा वेळी आपण काय करतो? रात्रभर ग्रुपवर फॉरवर्ड, म्हणजे ज्यांची मतं आधीच आपली त्यांनाच पुन्हा पुन्हा तेच कार्ड. त्याऐवजी पाकीट जपून ठेवा, तक्रार करा, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी ज्या गल्लीत आपलं कोणी राहत नाही तिथली दारं वाजवा. आपल्या प्रत्येक पत्रकावर आणि लॉन साइनवर पैसे कोणी दिले ते नाव-पत्त्यासह छापलंय ना, हेही बघा. नसेल तर दुसऱ्याकडे बोट दाखवायचं तोंड राहत नाही.

जिंकल्यावरची पहिली चूक

पहिल्या तीस दिवसांत गुन्हेगारी पार्श्वभूमीची तपासणी असते, ती पुढे ढकलू नका. ग्रुपवर ‘बोर्ड मेंबर्स’ नावाची गप्पांची जागा उघडू नका. नऊपैकी पाच जण तिथे शाळेच्या कामावर बोलू लागले की ती बंद दाराआडची मीटिंग ठरते, आणि १९७५च्या कायद्याने ती चालत नाही. शपथ जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात असते. त्याच्या आधीच एखाद्या काकूंचा फोन येईल: ‘आता तू बोर्डावर ना गं, आमच्या नातवाचा बसस्टॉप तेवढा दोन घरं अलीकडे घे.’ त्यांचं सगळं ऐकून घ्या, आणि ट्रान्सपोर्टेशन ऑफिसचा नंबर द्या.