इलेक्ट्रॉनिक ड्रम किटला जादा पॅड जोडताय? या चुका टाळा

नवा क्रॅश (झांजेसारखं सिम्बल पॅड) आणला, क्लॅम्प आवळला, केबल खोचली, काठी मारली आणि आवाजच नाही. किंवा आवाज येतो, पण टॉम या ड्रमच्या पॅडवर मारलं की शेजारचा क्रॅशही वाजतो. पहिला संशय पॅडवर जातो आणि ते खोक्यात घालून दुकानात परत नेलं जातं. नवं पॅड खरोखर बिघडलेलं निघणं तसं क्वचितच. घोळ बहुधा मॉड्यूलच्या (आवाज काढणाऱ्या डब्याच्या) मागच्या जॅकमध्ये, केबलच्या पिनेत, रॅकच्या (पॅड्स धरणाऱ्या सांगाड्याच्या) पाइपमध्ये नाहीतर सेटिंगमध्ये असतो. त्याचं मूळ खरेदीच्या उलट्या क्रमात आहे: पॅड आधी घेतलं जातं आणि बाकीचा विचार नंतर होतो. माझ्या मते पॅड सगळ्यांत शेवटी निवडावं.

मॉड्यूलची पाठ न बघता खरेदी

आजकालच्या बहुतेक किटमध्ये मूळ पॅड्सच्या सगळ्या केबल एका रुंद बहुपिनी कनेक्टरमधून मॉड्यूलमध्ये जातात. वाढीसाठी उरतात ते सुटे जॅक, आणि ते मोजकेच असतात. अलेसिस नायट्रो मेशवर असे दोन जॅक आहेत, टॉम ४ आणि क्रॅश २. रोलँड टीडी-१७ वरही दोनच, क्रॅश २ आणि ऑक्स (जादा पॅडसाठीचा जॅक). त्यातही टीडी-१७ केव्हीएक्स संचात दुसरा क्रॅश आधीच येतो, म्हणजे तुमच्या वाट्याला एकटा ऑक्स उरतो. तीन पॅड्सचा सेट स्वस्तात मिळतोय म्हणून उचलण्याआधी मॉड्यूल उलटं करून बघा.

जॅकवरचं नावही महत्त्वाचं आहे. टॉमच्या जॅकमध्ये सिम्बल लावली तर आवाज बदलून क्रॅशचा करता येतो, पण काही मॉड्यूलमध्ये तो जॅक एकाच झोनचा, म्हणजे पॅडचा एकच भाग ओळखणारा, असतो. मग कडेचा आवाज नाही आणि कड धरून चोकही होत नाही, म्हणजे आवाज तोडता येत नाही.

जॅक संपले असतील तर वेगळं ट्रिगर मॉड्यूल (पॅड्सचे ठोके आवाजात बदलणारा डबा) हा एक रस्ता आहे. रोलँडच्या टीएम-६ प्रोला सहा इनपुट आहेत. पण आपल्याकडे ऑर्केस्ट्रात वाजवणाऱ्यांना मी वेगळाच सल्ला देईन: किटला चार स्वस्त पॅड्स लटकवण्यापेक्षा बाजूला ऑक्टापॅड ठेवा. त्याचे आवाज त्याचे, आउटपुट वेगळा, मिक्सरवर आवाजही स्वतंत्र कमीजास्त करता येतो. ढोलकीपासून टाळीपर्यंत सगळं तिथे लावा आणि किटला किटच राहू द्या.

पिझो आणि स्विच यांत गल्लत

सगळ्यांत जास्त पैसे इथे वाया जातात, म्हणून थोडं सविस्तर.

पॅडच्या आत पिझो नावाची पातळ चकती असते. काठीचा दणका बसला की ती विजेचा छोटासा झटका देते, आणि झटका जितका मोठा तितका मॉड्यूल आवाज मोठा काढतं. एकाच झोनच्या पॅडला एवढं पुरतं. दोन झोनच्या पॅडमध्ये मात्र दोन जाती आहेत. एका जातीत मध्यभागाला एक पिझो आणि रिमला (कडेच्या कड्याला) दुसरा, म्हणजे दोन्ही ठिकाणचे झटके स्वतंत्र. मेशच्या (जाळीच्या) चांगल्या स्नेअर पॅड्समध्ये हेच असतं. दुसऱ्या जातीत पिझो एकच, आणि कडेला रबराखाली लपलेला स्विच. सिम्बल जवळजवळ सगळ्या या जातीच्या. दणका पिझो कळवतो. त्याच क्षणी स्विच दाबलेला असेल तर मॉड्यूल कडेचा आवाज काढतं. दणका नाही आणि स्विच दाबलेला आहे, असं दिसलं की ते समजतं की हाताने सिम्बल धरली आहे आणि आवाज तोडतं. चोक म्हणतात तो हाच.

स्विचची अपेक्षा करणाऱ्या जॅकमध्ये दोन पिझोंचं पॅड लावलंत तर मधला भाग छान वाजेल आणि रिम बहुतेक वेळा मुकं राहील. पॅड निर्दोष, जॅकही निर्दोष, फक्त दोघांची जोडी जमत नाही. काही मॉड्यूलमध्ये दोन पिझोंची सोय फक्त स्नेअरच्या इनपुटला असते. मॅन्युअलमध्ये चालणाऱ्या पॅड्सची यादी असते, ती वाचा. मॉड्यूलमध्ये पॅडचा प्रकार निवडायची सोय असेल तर तोही बदला. जुन्या रबरी पॅडच्या जागी मेशचं पॅड लावून प्रकार तसाच ठेवला की ते कधी अतिसंवेदनशील, कधी निर्जीव वाटतं.

राइड (ताल धरणारी सिम्बल) घेताना ब्रँड बदलताना जपा. रोलँडच्या सीवाय-१३आर किंवा सीवाय-१५आर या राइडला बेलसह (मधल्या घुमटासह) तिन्ही झोन हवे असतील तर दोन केबल आणि मॉड्यूलवर दोन जागा लागतात. यामाहाच्या पीसीवाय१३५ सारख्या तीन झोनच्या सिम्बल एकाच स्टिरिओ केबलवर चालतात, कारण कड आणि बेल ओळखायची त्यांची पद्धत निराळी आहे. एका कंपनीची सिम्बल दुसरीच्या मॉड्यूलवर अजिबात वाजणार नाही असं नाही, पण बेल मिळेल असं गृहीत धरू नका.

गिटारची केबल आहे की घरात

गिटारची केबल मोनो असते. पिनेवर एकच काळी रेघ दिसली की मोनो, दोन दिसल्या की स्टिरिओ. एका झोनच्या पॅडला मोनो चालते. पण स्टिरिओ जॅकमध्ये मोनो पिन घातली की जॅकमधला रिंगचा (स्टिरिओ पिनेच्या मधल्या पट्टीचा) संपर्क थेट ग्राउंडला टेकतो. स्विचवाल्या सिम्बलच्या बाबतीत मॉड्यूलला वाटतं की कड सतत दाबलेली आहे. परिणाम असा की सिम्बल ‘टक्’ करून लगेच तुटते, किंवा कुठेही मारा, कडेचाच आवाज येतो. नवी सिम्बल कायम चोक होत असेल तर मेनूत शिरण्याआधी पिनेवरच्या रेघा मोजा.

पॅडच्या बाजूला काटकोनी पिन घ्या, सरळ पिन बाहेर डोकावते आणि काठीचा मार खाते. बूम आर्मच्या (सिम्बल धरणाऱ्या लांब दांड्याच्या) सांध्यापाशी केबलला थोडा झोल ठेवा. प्लॅस्टिकच्या टायने करकचून बांधण्याऐवजी वेल्क्रोची पट्टी बरी. कोकणात, मुंबईत पावसाळ्यानंतर किट उघडलं आणि एखादं पॅड खरखरायला लागलं तर जॅकवर चढलेला थर हे कारण असू शकतं. मॉड्यूल बंद करून पिनेला काँटॅक्ट क्लीनर लावा आणि पिन दोनचार वेळा आतबाहेर करा.

एका जॅकवर दोन पॅड्स

स्टिरिओ जॅकमधून दोन मोनो फाटे काढणारी वाय केबल मिळते. त्यावर एका झोनची दोन पॅड्स चालतात हे खरं, पण कुठेही नाही. रोलँडच्या एसपीडी-एसएक्सवर बाहेरच्या पॅड्सचे जॅक १/२ आणि ३/४ असेच आखलेले आहेत. तिथे वाय केबल बिनधास्त वापरा. ड्रम मॉड्यूलच्या टॉम इनपुटवर मात्र दुसरा फाटा रिमच्या जागी जातो. ती जागा स्विचसाठी असेल तर दुसरं पॅड गप्प बसेल. पिझोसाठी असेल तर वाजेल, पण दोन्ही पॅड्स एकदम वाजवली की मॉड्यूल त्यातलं एकच धरतं, कारण त्याच्या दृष्टीने ते एकच पॅड आहे आणि मध्य की रिम एवढंच त्याला ठरवायचं असतं. म्हणून अशा जोडीत एकत्र कधीच न वाजणारी पॅड्स ठेवा. काउबेल आणि स्प्लॅश ठीक. टॉम आणि क्रॅश नको.

फाटे असलेली कोणतीही केबल चालेल असंही नाही. दोन्ही फाट्यांवर एकच सिग्नल वाटणारी साधी केबल दिसायला तशीच असते.

क्लॅम्प आणि पाइप

रॅकचे बरेच पाइप ३८ मिलिमीटरच्या आसपास, म्हणजे दीड इंची असतात, पण सगळे नव्हेत. व्हर्निअर नसेल तर पाइपभोवती दोरा गुंडाळून लांबी मोजा आणि ३.१४ ने भागा. दीड इंची पाइपला दोरा साधारण १२० मिलिमीटर भरतो. क्लॅम्प किंचित सैल असेल तर सायकलच्या जुन्या ट्यूबची पट्टी मध्ये घाला. पकड येते आणि कंपनंही थोडी मरतात. फरक मोठा असेल तर जुगाड नको, योग्य मापाचा क्लॅम्प घ्या. प्लॅस्टिकचा क्लॅम्प पान्ह्याने जोर लावून आवळला की आज धरतो आणि महिन्याभरात तडकतो.

पॅड धरणारा एल आकाराचा रॉडही वेगवेगळ्या जाडीचा येतो. पॅड आणि क्लॅम्प वेगळ्या ब्रँडचे असतील तर रॉड दोन्हीकडे बसतो का हे दुकानातच बघून घ्या.

हलक्या रॅकच्या टोकाला लांब बूम लावून त्यावर चौदा इंची सिम्बल लटकवली की जोराच्या ठोक्याला अख्खा रॅक डोलतो. जड सिम्बलसाठी साधा ॲकॉस्टिक सिम्बल स्टँड घ्या. जुन्या बाजारात तो रॅकच्या सुट्या आर्मच्या भावातही मिळून जातो. सिम्बलचा स्टॉपर मात्र विसरू नका, नाहीतर ती गोल फिरत केबल पिळत राहील. आणि विंगनट घट्ट आवळू नका, सिम्बल हलायलाच हवी.

एकावर मारलं, दुसरं वाजलं

या दोषाला क्रॉसटॉक म्हणतात. त्यावर उपाय करण्याआधी कंपन कुठून जातंय ते शोधा. वाजवायचं पॅड क्लॅम्पमधून काढा, केबल तशीच ठेवा, पॅड हातात धरून मारा. शेजारचं पॅड गप्प राहिलं तर कंपन पाइपमधून जात होतं. तरीही वाजलं तर केबल, कनेक्टर किंवा मॉड्यूल तपासा. पॅड्सच्या केबल आपसांत बदलून बघितल्या की दोष केबलसोबत फिरतो का ते लगेच कळतं.

पाइपचं कंपन असेल तर आधी लोखंड, मग मेनू. दोन पॅड्स एकाच आडव्या पाइपवर शेजारी असतील तर एक हलवा. क्लॅम्पखाली रबर घाला. सैल सांधे आवळा. त्यानंतर न मारता वाजणाऱ्या निरपराध पॅडचा थ्रेशोल्ड (किती जोराच्या ठोक्यापासून आवाज काढायचा ती मर्यादा) थोडा वाढवा, आणि सगळ्यात शेवटी क्रॉसटॉक कॅन्सल (शेजारचा ठोका दाबणारी सेटिंग) एकेक पायरी. बरेच जण उलटं करतात: क्रॉसटॉक कॅन्सल थेट टोकाला नेतात. वरवर आजार बरा होतो, पण मग किक आणि क्रॅश एकत्र मारले की क्रॅश अधूनमधून गायब, आणि स्नेअरवरचे हलके ठोके ऐकूच येत नाहीत. अशा किटवर वाजवणाऱ्याला स्वतःचाच हात बिघडल्यासारखं वाटतं.

एका ठोक्याला दोन आवाज येत असतील तर ते क्रॉसटॉक नव्हे. मेश सैल असेल तर आधी ती सगळ्या बाजूंनी सारखी ताणा. मग रिट्रिगर कॅन्सल (एका ठोक्याचा दुसरा आवाज रोखणारी सेटिंग) वाढवा, किकसाठी मास्क टाइम (ठोक्यानंतर पॅडकडे दुर्लक्ष करायचा वेळ). फार वाढवलात तर जलद डबल स्ट्रोकमधला दुसरा ठोका गिळला जाईल. बदल करण्याआधीचे आकडे मोबाइलवर फोटो काढून ठेवा. वैतागून फॅक्टरी रिसेट केला तर आधी बसवलेलं सगळं पुसलं जातं.

मॉड्यूलवर वाजतं, कॉम्प्युटरवर नाही

यूएसबीने सॉफ्टवेअरला जोडल्यावर नवं पॅड मुकं झालं तर मिडी (वाद्य आणि कॉम्प्युटर यांची संकेतभाषा) नोटचा नंबर बघा. जनरल मिडीच्या तक्त्यात पहिला क्रॅश ४९, दुसरा ५७, स्प्लॅश ५५, चायना ५२, राइड ५१ आणि राइडची बेल ५३. तुमचं मॉड्यूल चौथ्या टॉमला कोणता नंबर पाठवतं ते सॉफ्टवेअरच्या मिडी मॉनिटरमध्ये दिसतं. त्या नंबरवर तिथे काहीच लावलेलं नसेल तर मॉड्यूलमधला नंबर बदला किंवा सॉफ्टवेअरमधला नकाशा. दोन्हीकडे एकदम बदलायला गेलात तर नेमकं काय चुकलं ते कळणार नाही.