साथ चालू असताना रुटीन टेस्टला जायचं की थांबायचं, हे कसं ठरवायचं

आमच्या स्वयंपाकघरातल्या २०२० च्या कालनिर्णयवर १७ एप्रिलच्या चौकोनात ‘मॅमो ११ वा.’ असं लिहिलेलं होतं, निळ्या पेनाने. मॅमो म्हणजे मॅमोग्राफी, स्तनांचा एक्स-रे. कोविडचा लॉकडाऊन आधी १४ एप्रिलपर्यंत होता मग ३ मेपर्यंत वाढला, सेंटरवाल्यांचाच फोन आला की मॅडम सध्या बंद आहे नंतर या. ते ‘नंतर’ आलं नोव्हेंबर २०२१ ला. म्हणजे जवळजवळ दीड वर्ष, आणि त्यातले खरोखर नाइलाजाचे महिने मोजले तर पाच-सहासुद्धा भरत नाहीत, बाकी सगळा माझा आळस आणि भीती. रिपोर्ट नॉर्मल आला हे नशीब. पण त्या काळात घरात सगळ्यांच्या टेस्टा कधी करायच्या, कोणत्या थांबवायच्या हे मीच ठरवत होते (कुणी नेमलं नव्हतं, फाइली माझ्याकडे असतात म्हणून), त्यात काही बरोबर ठरवलं, काही साफ चुकलं. पुन्हा अशी साथ आली तर मी कसं ठरवेन ते लिहितेय. मी डॉक्टर नाही, हे वाचून स्वतःच्या डॉक्टरांना एक फोन करायचाच आहे.

सगळ्यात पहिला प्रश्न, आणि इथेच माणसं गफलत करतात: तुम्हाला काही त्रास होतोय का? रुटीन स्क्रीनिंग म्हणजे काहीही होत नसताना केलेली तपासणी. काही होत असेल तर ती रुटीन राहतच नाही, मग साथ असो नाहीतर बाहेर कर्फ्यू असो, दाखवायलाच लागतं. आमच्या आत्याचं तेच झालं. वय ६३, पाळी जाऊन दहा वर्षं झालेली, जून २०२० मध्ये थोडंसं स्पॉटिंग दिसलं. तिने ठरवलं की हे ‘लेडीज चेकअप’ मध्ये येतं, चेकअप आता कोण करतंय, आणि हात दाखवून अवलक्षण कशाला. अंगावर काढलं ते थेट दिवाळीपर्यंत, फराळाचे डबे द्यायला गेले तेव्हा ओट्याशी उभं राहून सहज बोलल्यासारखं सांगितलं. मी तिथूनच गायनॅकला फोन लावला. पिशवी काढावी लागली, आता ठणठणीत आहे, पण डॉक्टर तिला जे बोलल्या ते मी शेजारी बसून ऐकलंय. पाळी गेल्यावर परत रक्त दिसणं, स्तनात गाठ किंवा बोंडातून स्राव, तोंडातली न भरणारी जखम, शौचातून रक्त, कारण नसताना वजन उतरणं, दोन आठवड्यांच्या वर चालणारा खोकला, यातलं काहीही असलं तर पुढचं वाचू नका, फोन उचला.

दुसरं, आधीचा रिपोर्ट काय सांगत होता? मागच्या वेळी ‘६ महिन्यांनी रिपीट’ असं लिहून दिलं असेल तर ती टेस्टसुद्धा रुटीन नाही, तो अर्धवट राहिलेला तपास आहे. तसंच आईला किंवा बहिणीला कमी वयात ब्रेस्ट कॅन्सर झालाय वगैरे असेल तर तुमचं गणित शेजारणीच्या गणिताने नाही करायचं.

तिसरं, या टेस्टला मुदत किती आहे. काही टेस्टा ढकलल्या तरी फार बिघडत नाही आणि काही ढकलताच येत नाहीत, आणि गंमत म्हणजे आपण नेमकं उलटं करतो. पॅप स्मिअर घ्या (गर्भाशयाच्या मुखाच्या पेशी घेऊन तपासतात ती), साधारण दर ३ वर्षांनी सांगतात, एचपीव्ही टेस्ट (तिथल्या कॅन्सरला कारण असणाऱ्या विषाणूची) असेल तर ५ वर्षांनी चालते, कारण गर्भाशयाच्या मुखाचा कॅन्सर व्हायला साधारण १५ ते २० वर्षं लागतात (प्रतिकारशक्ती कमी असेल, म्हणजे एचआयव्ही वगैरे, तर ५ ते १०). आधीचे रिपोर्ट नीट असलेल्या बाईने लाट ओसरेपर्यंत चार महिने थांबलं तर आभाळ कोसळत नाही. मॅमोग्राफीचं पण थोडं तसंच, आपल्याकडे बरेच डॉक्टर चाळिशीनंतर दर वर्ष-दोन वर्षांनी सांगतात, ब्रिटनमध्ये सरकार पन्नाशीनंतर दर ३ वर्षांनी बोलवतं, म्हणजे ठरल्या तारखेच्या पुढे दोन-तीन महिने हे चालण्यासारखं आहे. माझ्यासारखे एकोणीस महिने नाही.

पण गरोदर बाईची अॅनोमली स्कॅन, म्हणजे बाळात काही व्यंग आहे का ते बघायची सोनोग्राफी? ती साधारण १८ ते २० आठवड्यांत करायची असते, बाळ काय लाट संपायची वाट बघत नाही. माझ्या भाचीची ऐन एप्रिल २०२१ मध्ये आली होती, घरात सगळे घाबरलेले, सासूबाई म्हणाल्या एक सोनोग्राफी नाही केली तर काय होतं. मी म्हटलं दोन मास्क लावून जा पण जा. लहान मुलांच्या लसी पण तशाच, ६, १०, १४ आठवडे आणि मग ९ महिन्यांची गोवर-रुबेला, हे वेळापत्रक उगाच केलेलं नाहीये.

डायबेटिसवाल्यांनी तर जास्तच लक्ष द्यायचं. एचबीएवनसी म्हणजे तीन महिन्यांची सरासरी शुगर, कंट्रोल चांगला असेल तर वर्षातून दोनदा चालते, औषध बदललंय किंवा शुगर वरखाली होतेय तर दर तीन महिन्यांनी. तिला उपाशीपोटी पण लागत नाही आणि घरी येऊन रक्त नेतात, मग टाळायचं कारणच काय? नेणाऱ्याला दाराबाहेर पॅसेजमध्ये खुर्ची टाकून द्या, झालं काम. आमच्या बाबांची मी अशीच करायचे. त्यात आणखी एक, कोविड झाल्यावर ज्यांना स्टिरॉइड दिलं त्यांची शुगर चढायची, दुसऱ्या लाटेत म्युकरमायकोसिसने (काळी बुरशी म्हणायचे ती) डोळे आणि जबडे गेले त्यातले बहुतेक डायबेटिसवालेच होते, त्यामुळे साथीत शुगर बघणं उलट वाढवायला हवं. डोळ्याच्या पडद्याची वर्षाची तपासणी मात्र घरी होत नाही, ती लाट उतरल्या उतरल्या पहिल्या पंधरवड्यात उरकायची. बीपीचं मशीन घरात घ्या, मनगटावरचं नको दंडावरचं घ्या, पाच मिनिटं शांत बसून मग मोजा, आणि घरी १३५/८५ च्या वर सतत येत असेल तर डॉक्टरांना आकडे पाठवा.

आणि ते फुल बॉडी चेकअप, ‘७२ पॅरामीटर्स, ऑफर फक्त आजच’ म्हणून मेसेज येतो ते? ते साथ नसतानाही विकतचं श्राद्ध आहे असं माझं मत आहे, साथीत तर डिलीटच करा.

आता बाहेरची परिस्थिती. टीव्हीवरच्या आकड्यांनी छातीत धडधड होते पण त्याने ठरवता काही येत नाही. मी दोनच गोष्टी बघायचे, पॉझिटिव्हिटी रेट (केलेल्या टेस्टांपैकी किती टक्के पॉझिटिव्ह) आणि ऑक्सिजन बेड किती भरलेत. जून २०२१ मध्ये महाराष्ट्र सरकारने पाच लेव्हलचं अनलॉक केलं ते याच दोन आकड्यांवर, पॉझिटिव्हिटी ५ टक्क्यांच्या आत आणि ऑक्सिजन बेड २५ टक्क्यांहून कमी भरलेले असतील तर लेव्हल एक. मी तोच नियम घरात लावला. बेडचा आकडा का, तर बेड भरलेले असताना तुम्हाला काही लागण झाली तर बेड मिळणार नाही हे एक, आणि टेस्टमध्ये काही निघालंच तर पुढची बायोप्सी, ऑपरेशन यालाही तेव्हा तारीख मिळत नाही हे दुसरं. एप्रिल-मे २०२१ मध्ये साधी रुटीन मॅमो करून काही उपयोग नव्हता. पण ऑगस्टपासून होता, आणि तेव्हाही मी गेले नाही.

घरात कोण आहे तेही मोजा. माझ्या घरी ८१ वर्षांच्या सासूबाई, त्यामुळे माझी रिस्क फक्त माझी नव्हती. लस झालीय का, दोन्ही डोस का, हे पण त्यातच. लसीवरून आठवलं, २०२१ च्या सुरुवातीला सांगत होते की लस घेतल्यावर त्या बाजूच्या काखेत गाठी सुजतात, मॅमोत उगाच शंका येते, म्हणून रुटीनवाल्यांनी लसीआधी करा किंवा दुसऱ्या डोसनंतर ४ ते ६ आठवडे थांबा. पुढे तो सल्ला सैल केला, आता थांबायची गरज नाही म्हणतात, फक्त कुठल्या हाताला कधी लस घेतली ते टेक्निशियनला सांगायचं.

जायचं ठरलं की आधी फोन. ‘सॅनिटाइज करता का’ हे विचारू नका, सगळे हो म्हणतात. विचारायचं ते हे: तापाचे पेशंट त्याच दाराने येतात का, वेटिंगला एका वेळी किती जण बसवता, खिडक्या उघड्या असतात की नुसता एसी, सकाळची पहिली अपॉइंटमेंट मिळेल का. मोठ्या हॉस्पिटलपेक्षा वेगळं छोटं डायग्नोस्टिक सेंटर बरं पडतं. एका ठिकाणी मला ‘या हो, गर्दी नसते’ म्हणाले आणि गेले तर जिन्यात रांग, मी तशीच परत आले, त्यात लाज वाटून घ्यायची नाही. रिक्षा एसी कॅबपेक्षा बरी, दोन्ही बाजूंनी वारा. पुढची साथ श्वासातूनच पसरेल असं काही नाही, त्यामुळे ती कशी पसरते ते आधी समजून घ्या आणि प्रश्न त्याप्रमाणे बदला, आम्ही दोन महिने भाजी सोड्याच्या पाण्यात धूत बसलो होतो आणि बिनमास्कने शेजाऱ्यांशी गप्पा मारत होतो.

मॅमोला जाताना डिओ, पावडर काही लावायचं नाही, वन-पीस घालायचा नाही, जुन्या फिल्म बरोबर न्यायच्या. पॅप स्मिअरला पाळी नसताना जायचं, आदले दोन दिवस संबंध किंवा आतून लावायचं औषध नको. अंगात कणकण असेल किंवा घरात कोणी पॉझिटिव्ह असेल तर सरळ फोन करून पुढची तारीख घ्या.

पैशाचा प्रश्न असेल तर सरकारी केंद्रात तिशीनंतर तोंड, स्तन आणि गर्भाशयमुखाची तपासणी होते, आशाताईंना विचारा. २०२० मध्ये त्या बिचाऱ्या ‘माझे कुटुंब माझी जबाबदारी’ म्हणून दारोदार ताप आणि ऑक्सिजन मोजत फिरत होत्या, त्यामुळे साथीत ही सोय थंडावू शकते, पण विचारायला काय जातंय.

मॅमोच्या रिपोर्टमध्ये ‘बायरॅड्स’ म्हणून एक नंबर असतो, किती शंका आहे ते सांगणारा. ‘बायरॅड्स ०’ दिसलं तर लगेच रडू नका, त्याचा अर्थ अजून फोटो किंवा सोनोग्राफी लागेल एवढाच. ३ आलं तर साधारण सहा महिन्यांनी परत, ४ किंवा ५ असेल तर त्याच आठवड्यात डॉक्टर.

आणि थांबायचं ठरलं तर ‘नंतर बघू’ म्हणून फोन ठेवायचा नाही, तिथल्या तिथे नवी तारीख घ्यायची, सेंटर देत नसेल तर आपणच मनाने एक टाकायची, दीड-दोन महिन्यांनंतरची. त्या दिवशी लाट असेल तर परत पुढची. मोबाइलचा रिमाइंडर मी स्वाइप करून टाकते, मला भिंतीवरचाच लागतो. डिसेंबरात नवं कालनिर्णय आलं की जुन्यावरच्या राहिलेल्या तारखा नव्यावर उतरवून घ्यायच्या. २०२० चं काढून २०२१ चं लावताना मी दूधवाल्याचा हिशोब उतरवला, गॅसची तारीख उतरवली, वाढदिवस सगळे उतरवले, १७ एप्रिलचं पान मागे उलटून बघितलंच नाही.