नोकरी सोडून पूर्णवेळ फ्रीलान्सिंग? हिशेब करताना या चुका टाळा

पुण्यात मी नोकरदारांची आणि फ्रीलान्सरांची, दोघांचीही आयकराची रिटर्न भरते. त्यामुळे आदल्या वर्षी फॉर्म 16 (पगाराचा आणि त्यातून कापलेल्या कराचा कंपनीने दिलेला दाखला) घेऊन आलेला मुलगा पुढच्या जुलैत बिलांची फाईल घेऊन आलेला मला दिसतो. यातल्या अनेकांचं उत्तम बस्तान बसलंय आणि त्यांच्याबद्दल मला मनापासून आदर आहे. पण ज्यांची ओढाताण झाली, त्यांच्या फायलींत पुन्हा पुन्हा त्याच चुका सापडतात. कामात ही मुलं कुठेच कमी नसतात. राजीनामा देण्याआधी करायची आकडेमोड तेवढी केलेली नसते, किंवा सोयीची तेवढीच केलेली असते.

पगाराला तीसने भागून दर ठरवणं

“ताई, माझं पॅकेज बारा लाखांचं आहे. म्हणजे दिवसाचे साडेतीन हजार घेतले तरी नोकरीइतकं सुटतंच की.” हे वाक्य ऐकलं की मी कागद पुढे ओढते.

वर्षाचे दिवस 365. शनिवार-रविवारचे 104 गेले, उरले 261. दिवाळी, गणपती आणि इतर सुट्ट्यांचे पंधरा धरा. आजारपण, लग्नकार्य, गावाकडची कामं यांचे वीस. राहिले 226. नोकरीत या सुट्ट्यांचाही पगार मिळत होता, इथे मिळणार नाही. आता या 226 दिवसांतले सगळे दिवस बिल लावता येतं का? नाही. नवं काम शोधणं, कोटेशन पाठवणं, मीटिंगा, पैशांसाठी फोन, हिशेब, बंद पडलेला लॅपटॉप, यात आठवड्याचा दीड दिवस सहज जातो. बिल लावता येतील असे दिवस उरतात दीडशेच्या आसपास.

मग खर्चाची बाजू. बारा लाखांच्या सीटीसीत, म्हणजे कंपनी तुमच्यावर वर्षाला करते त्या एकूण खर्चात, कंपनीने भरलेला पीएफ आणि ग्रॅच्युइटी (साधारण पाच वर्षं नोकरी झाली की सोडताना मिळणारी रक्कम) धरलेली असते, ती बचत आता स्वतःच्या कमाईतून करायची. शिवाय आरोग्य विमा, लॅपटॉप, सॉफ्टवेअर, इंटरनेट, हिशेबनीसाची फी. याला दोन लाख धरले तर चौदा लाख भागिले दीडशे, म्हणजे दिवसाला नऊ हजारांच्या पुढे. साडेतीन हजार कुठे आणि नऊ हजार कुठे!

हा अर्ध्या तासाचा हिशेब आहे, पण तेवढा धीर नसतो. आधी ग्राहकाला दर सांगून मोकळे होतात, आणि एकदा सांगितलेला दर त्याच ग्राहकाकडून वाढवून घेताना वर्ष निघून जातं. दर ठरवताना शेजारच्याचा दर विचारू नका. तुमचा घरखर्च मांडा, वरचा भागाकार करा आणि मग बाजार तेवढं देतो का ते बघा. देत नसेल तर नोकरी सोडायची वेळ अजून आलेली नाही.

एकाच ग्राहकावर घर चालवणं आणि पैशांआधी जीएसटी भरणं

या चुकीने मी चांगली माणसं रडकुंडीला आलेली पाहिली आहेत, म्हणून जरा सविस्तर सांगते.

कोथरूडला राहणारा एक प्रोग्रामर. हिंजवडीतली नोकरी सोडली, पहिल्याच वर्षी वीस लाखांच्या वर गेला. सेवा देणाऱ्याची वर्षाची उलाढाल वीस लाखांपुढे गेली की जीएसटी नोंदणी लागते, ती त्याने वेळेत केली. इथपर्यंत सगळं नीट होतं. पण या उलाढालीतला मोठा हिस्सा मुंबईतल्या एकाच नव्या कंपनीकडून येत होता. महिन्याला दीड लाख अधिक 18 टक्के जीएसटी. करार नाही. कामाची कक्षा, मुदत, पैसे कधी द्यायचे, सगळं व्हॉट्सॲपवर.

एका महिन्याचं पेमेंट थकलं. “फंडिंग येतंय, पुढच्या आठवड्यात सोडतो.” त्याने काम चालू ठेवलं. दुसरा महिना, तिसरा, चौथा. सहा लाखांची बिलं आणि त्यावर एक लाख आठ हजारांचा जीएसटी. आता खरी गोम. जीएसटी ग्राहकाने पैसे दिल्यावर भरायचा अशी बहुतेकांची समजूत असते. तसं नाही. बिल काढलं की कर लागू झाला. मासिक रिटर्न भरणाऱ्याला पुढच्या महिन्याच्या 20 तारखेपर्यंत तो भरावाच लागतो, उशीर झाला तर वर्षाला 18 टक्के दराने व्याज. या मुलाने एक रुपया हातात न येता चार महिने तो कर घरकर्जाच्या हप्त्यासाठी ठेवलेल्या पैशांतून भरला. पुढे त्या कंपनीने अर्ध्यावर तडजोड केली. उरलेले पैसे बुडाले, आणि पैसे बुडाले म्हणून भरलेला जीएसटी काही सरकार परत देत नाही.

तो माझ्याकडे आला तेव्हा मी पहिला प्रश्न विचारला: उद्यम नोंदणी आहे का? नव्हती. “फ्रीलान्सरला कशाला लागते ती?” असं त्याला कोणीतरी सांगितलं होतं. उद्यम म्हणजे लहान उद्योगांची सरकारी नोंदणी. तिच्यात सूक्ष्म किंवा लघु उद्योग म्हणून नोंद असलेल्या सेवा देणाऱ्याला लहान उद्योगांसाठीच्या 2006 च्या एमएसएमईडी कायद्याचा आधार मिळतो. लेखी करार असला तरी पैसे जास्तीत जास्त 45 दिवसांत द्यायचे, करार नसेल तर 15 दिवसांत. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दराने, दर महिन्याला चक्रवाढ होणारं व्याज. शिवाय 2023-24 या आर्थिक वर्षापासून, अशा उद्योगाचं बिल मुदतीत चुकवलं नाही तर ग्राहक कंपनीला तो खर्च पैसे प्रत्यक्ष देईपर्यंत आयकरात दाखवता येत नाही. म्हणून तर मार्च आला की कंपन्यांचे अकाउंट्सवाले स्वतः फोन करून “तुमचा उद्यम नंबर आहे का?” असं विचारतात. नोंदणी आधार आणि पॅनवर ऑनलाइन होते आणि फुकट होते, एजंटला पैसे देऊ नका. काम सुरू करण्याआधीच करून ठेवा. नंतर केलेली नोंदणी जुन्या बिलांना लागू होते की नाही यावर वाद घालत बसावं लागतं.

माझ्याकडे येणाऱ्या प्रत्येकाला मी काही गोष्टी पाळायलाच लावते. नव्या ग्राहकाकडून सुरुवातीला आगाऊ रक्कम. दोन पानी का होईना, पण सही केलेला करार. एक बिल थकलं की दुसऱ्या महिन्याचं काम थांबवायचं, संबंध कितीही गोड असले तरी. निम्म्याहून जास्त कमाई एकाच ग्राहकाकडून येत असेल तर नवा ग्राहक मिळेपर्यंत नवं कर्ज काढायचं नाही. आणि कराचे पैसे वेगळ्या खात्यात, पेमेंट जमा झालं त्याच दिवशी. काही जण यावर शॉर्टकट सुचवतात, की नुसती प्रोफॉर्मा, म्हणजे कच्ची, बिलं पाठवत राहायची, टॅक्स इन्व्हॉइस, म्हणजे जीएसटीचं पक्कं बिल, पैसे आल्यावर काढायचं. आगाऊ रक्कम मागायला प्रोफॉर्मा ठीक आहे. पण साधारणपणे सेवा दिल्यापासून 30 दिवसांत टॅक्स इन्व्हॉइस काढावंच लागतं, त्यामुळे या युक्तीवर वर्षं निघत नाहीत.

“कन्सल्टंट म्हणून या, इन-हँड वाढेल”

नोकरीही नाही आणि धड फ्रीलान्सिंगही नाही, अशी ही मधली वाट आहे. कंपनी तीच, टेबल तेच, साहेब तोच, फक्त पगाराऐवजी महिन्याचं बिल. पीएफ कापला जात नाही म्हणून हातात जास्त येतं आणि माणूस खूश होतो.

समजा महिन्याचा एकूण पगार 80 हजार, त्यात बेसिक 40 हजार. कंपनी बेसिकवर 12 टक्के पीएफ स्वतःच्या बाजूने भरत होती, म्हणजे वर्षाचे 57,600. ग्रॅच्युइटी दर वर्षामागे पंधरा दिवसांचं बेसिक, 26 ने भागून, म्हणजे साधारण 23 हजार. वीस भरपगारी रजांचे साधारण 53 हजार. बेरीज एक लाख तेहतीस हजारांच्या पुढे गेली आणि विमा अजून धरलेलाच नाही. कन्सल्टंट म्हणून 90 हजार देऊ केले तर वाढ झाली वर्षाची एक लाख वीस हजार. म्हणजे तुम्ही तेच काम कमी पैशांत आणि उद्या थांबवता येईल अशा करारावर स्वीकारलंत. खरोखर दुसरे ग्राहक घेण्याची मुभा करारात लिहिलेली असेल आणि रक्कम भरपूर जास्त असेल, तरच या वाटेला जा.

ग्रुप पॉलिसीला स्वतःचा विमा समजणं

राजीनाम्यानंतर कंपनीने काढलेली ती आरोग्य विम्याची पॉलिसी संपते. आईवडिलांना मधुमेह किंवा रक्तदाब असेल तर नव्या वैयक्तिक पॉलिसीत आधीपासूनच्या आजारांना तीन वर्षांपर्यंत थांबावं लागू शकतं. नोकरीतल्या ग्रुप पॉलिसीत मात्र ते बहुधा पहिल्या दिवसापासून धरलेले असतात. आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन ठरलेलं असताना आधीच राजीनामा देऊन बसलेली माणसं माझ्याकडे येतात, तेव्हा सांगण्यासारखं फार काही उरलेलं नसतं. नोकरीत असतानाच स्वतःची वेगळी पॉलिसी घ्या, म्हणजे ती मुदत पगार चालू असताना सरते. ते राहिलं असेल तर नोटीस पिरियडमध्येच एचआरकडे आणि विमा कंपनीकडे लेखी विचारा, ग्रुपमधून त्याच कंपनीच्या वैयक्तिक पॉलिसीत जाता येतं का. शेवटच्या दिवसानंतर विचारून उपयोग नाही.

“चोवीस लाखांपर्यंत शून्य कर”

ही गोष्ट हल्ली प्रत्येक जण ऐकून येतो. आधार आहे तिला. अनुमानित उत्पन्नाच्या तरतुदीत, जिला सगळे 44 एडीए म्हणून ओळखतात, जमेच्या निम्मी रक्कम उत्पन्न म्हणून दाखवता येते, आणि नव्या करपद्धतीत बारा लाखांपर्यंतच्या उत्पन्नावर कर पडत नाही. पण ही सोय ठरावीक व्यवसायांना आहे: माहिती तंत्रज्ञान, अभियांत्रिकी, वास्तुरचना, वकिली, वैद्यकी, इंटिरिअर वगैरे. भाषांतर, कंटेंट लेखन, सोशल मीडिया सांभाळणं ही कामं त्या यादीत नावानिशी नाहीत. तेव्हा ‘मित्राने भरलं तसं’ रिटर्न भरू नका.

आणि याची दुसरी बाजू कोणी सांगत नाही. वीस लाख जमा होऊन रिटर्नमध्ये दहा दाखवलेत, तर बहुतेक बँका घरकर्जासाठी दहाच धरतात. नोकरदाराला काही महिन्यांच्या पगारपावत्या आणि फॉर्म 16 पुरतात, स्वयंरोजगार असलेल्याकडे दोन-तीन वर्षांची रिटर्न मागतात. दोन वर्षांत फ्लॅट घ्यायचा विचार असेल तर राजीनाम्याची तारीख घरातल्या सगळ्यांनी बसून ठरवा.

थोडक्यात सांगण्यासारख्या

राजीनामा देताच पीएफ काढून नवा लॅपटॉप घेणं: पाच वर्षांची सलग सेवा झालेली नसेल तर त्यावर कर बसतो. ते पैसे राहू द्या.

पाच वर्षं पूर्ण व्हायला दोन-तीन महिने असताना बाहेर पडणं: ग्रॅच्युइटीबद्दल एचआरकडून लेखी उत्तर घेतल्याशिवाय तारीख देऊ नका.

परदेशी ग्राहकांचं काम जीएसटीच्या वीस लाखांत न मोजणं: मोजावं लागतं. नोंदणीनंतर एलयूटी (निर्यातीसाठी द्यायचं हमीपत्र) भरलं की निर्यातीवर कर न भरता बिल काढता येतं.

ॲडव्हान्स टॅक्स (त्याच वर्षात आगाऊ भरायचा आयकर) विसरणं: 15 मार्चची तारीख कॅलेंडरवर आजच लिहा. 44 एडीएवाल्यांना त्या एकाच तारखेला सगळा भरता येतो, बाकीच्यांचे हप्ते जूनपासून सुरू होतात.

महाराष्ट्रात पीटीईसी (व्यवसाय कराची नावनोंदणी) न काढणं: व्यवसाय कर वर्षाला 2,500 रुपये, आता तुमचा तुम्ही भरायचा.

नोकरीत असतानाच गुपचूप बाहेरची कामं करून ‘चाचपणी’ करणं: आधी नेमणूकपत्र वाचा. 2022 मध्ये विप्रोने याच कारणावरून 300 जणांना काढल्याचं जाहीरपणे सांगितलं होतं. परवानगी मागितली तर काही कंपन्या देतातही.

मोठी कंपनी म्हणजे कायमची सोय, असं धरून कसलीच तयारी न करणं: ही चूक नोकरीत राहणाऱ्यांची. जुलै 2025 मध्ये टीसीएसने सुमारे 12 हजार जण कमी करण्याचं जाहीर केलं, तेव्हा कितीतरी घरांत पहिल्यांदा बचतीचा हिशेब झाला. सहा महिन्यांचा खर्च बाजूला हवा, मग तुम्ही कुठल्याही बाजूला असा.

परतीची वाट बंद करून बाहेर पडणं: काही वर्षांनी पुन्हा नोकरीत जावंसं वाटलं तर त्यात कमीपणा अजिबात नाही. पण नव्या कंपनीची पार्श्वभूमी तपासणी होते, तेव्हा मधल्या वर्षांचा पुरावा मागतात. नोटीस पिरियड पूर्ण करून रिलीव्हिंग लेटर घ्या. ग्राहकांचे करार, दर वर्षीची रिटर्न आणि टीडीएस (ग्राहकाने पैसे देताना कापलेला कर) दाखवणारं आयकर खात्याचं 26 एएस विवरण एका फोल्डरमध्ये ठेवत चला. हा फोल्डर तयार होता म्हणून आठवड्यात ऑफर लेटर पक्कं झालेली माणसं मी पाहिली आहेत, आणि तो नसल्याने महिनाभर जुन्या ग्राहकांना पत्रासाठी फोन करत बसलेलीही.