दुखणं गेलं, पण रनअप चुकत होता

कंबरेच्या मणक्याला स्ट्रेस फ्रॅक्चर, म्हणजे सततच्या ताणाने हाडाला पडलेली बारीक चीर, निघालं तेव्हा मी 19 वर्षांचा होतो. उजव्या हाताच्या फास्ट बॉलरला ते बहुतेक वेळा डाव्या बाजूला होतं, माझंही तसंच. पाच महिने बॉल हातात नाही. आजी रोज अहिराणीत विचारायची, "आते दुखस का रे?" दुखत नव्हतं. म्हणून मला वाटलं, झालं.

एप्रिलमध्ये जळगावला नेट सुरू केलं. सकाळी सहालाच, कारण दहानंतर मैदानावर उभं राहवत नाही. पहिल्या मॅचमध्ये चार ओव्हरमध्ये 41 रन गेले. प्रत्येक बॉल आखूड पडत होता आणि बॅट्समन आरामात पुल मारत होता. मी मनगटाला दोष दिला, बॉलच्या शिवणीला दिला. आठवडाभर ग्रिप बदलत राहिलो. तो आठवडा पार वाया गेला.

आमच्या कोच सरांनी क्रीजवर चुना टाकला आणि म्हणाले, "बॅट्समन नको, स्टंप नको, नुसता टाक." दहा बॉलनंतर पाहिलं, तर माझा पुढचा पाय क्रीजच्या वीतभर मागे पडत होता आणि गुडघा मुडपत होता. रनअप तोच, 17 पावलांचा, पण मांड्या उतरल्यामुळे पाऊल लहान झालं होतं. शिवाय कंबर मनातल्या मनात स्वतःला जपत होती. हे दुसरं कारण कुणी आधी सांगत नाही.

तेव्हा दुखापतीनंतर परत येताना आधी रनअप नव्याने मोजा. मोकळ्या मैदानात पळा, पाय जिथे वारंवार पडतो तिथून उलट मोजत या. माझा 19 पावलांचा झाला. बॉल मोजूनच टाका. मी फिजिओच्या सल्ल्याने एक दिवसाआड 24 बॉलपासून, निम्म्या जोरात सुरुवात केली. आणि सिमेंटवरच्या मॅटिंगवर पुनरागमन अजिबात करू नका. आपल्याकडे तीच पिच हाताशी असते, पण तिथला धक्का सरळ कंबरेत जातो. काळ्या मातीची पिच मिळेपर्यंत थांबा.

घाई होते, मला कळतं. एका रविवारी टीमला माणूस कमी म्हणून मी सलग आठ ओव्हर टाकल्या आणि पुढचे दहा दिवस बुटाची लेस बांधता आली नाही. तेव्हा सरांनी ऑस्ट्रेलियाचा फास्ट बॉलर पॅट कमिन्सचं सांगितलं. पहिली कसोटी 2011 मध्ये, दुसरी थेट 2017 मध्ये, रांचीला. मधली वर्षं दुखापतींत गेली.

जूनच्या पहिल्या पावसाआधी एका सकाळी चुन्याच्या रेघेवर स्पाइक्सचे ठसे उमटले. बॉल गुड लेंग्थवरून उठला आणि कीपरच्या ग्लोव्ह्जमध्ये आवाज करून बसला. सर काही बोलले नाहीत, त्यांनी नवा चुना टाकला.