कोळंबीची टरफलं आणि ट्रायकोडर्मा: या चुका टाळा

रोपांच्या मर आणि मूळकुजीवर कोळंबीचं टरफल हे औषध नव्हे. औषध बनवणाऱ्या ट्रायकोडर्मा या उपयोगी बुरशीचं ते खाद्य आहे. ट्रायकोडर्माला टरफलातलं कायटिन (टरफलाला चिवटपणा देणारा पदार्थ) मिळालं की ती ते तोडणारं कायटिनेज हे विकर (एन्झाइम) सोडते. मर रोगाच्या फ्युजेरियम आणि मूळकुजीच्या स्क्लेरोशियम या बुरशींच्या पेशीभित्तिकेतही कायटिन असतं, त्यामुळे तीही पोखरली जाते. एवढं लक्षात ठेवलं तर निम्म्या चुका होणारच नाहीत.

तिसऱ्यांचे शिंपले कुटून टाकू नका. तो जवळजवळ निव्वळ चुना. आम्लधर्मी जमिनीला चांगला, पण कायटिनच्या हिशेबात शून्य. कोळंबी आणि खेकड्याचीच टरफलं हवीत.

तीही बंदरावरून आणली तशी रोपांच्या बुडात घालू नका. त्यांत मीठ असतं, चिकटलेलं मांस कुजून अमोनिया सुटतो आणि कोवळी मुळं होरपळतात. गोड्या पाण्यानं दोन-तीनदा धुवा, कडक वाळवा, बारीक दळा. कायटिन चुन्यात अडकलेलं असतं, म्हणून जाड तुकडे लवकर फुटत नाहीत. ही भुकटी आणि ट्रायकोडर्मा मुरलेल्या शेणखतात मिसळून, ओलसर ठेवून, लागवडीच्या 2-3 आठवडे आधी सावलीत ठेवा.

गुळाचा हात आखडता घ्या. गुळावर बुरशी जोमानं वाढते, हे खरं. पण सोपी साखर समोर असेपर्यंत ती कायटिनेज बनवायचे कष्ट घेत नाही. कार्बेन्डाझिम या बुरशीनाशकाची आळवणी त्याच वाफ्यात केलीत, तर ट्रायकोडर्माच मरेल.

सगळ्यात महाग पडणारी चूक मात्र रोग ओळखण्यातली. सुपारीचा कोळेरोग, मिरीचा जलद मर हे फायटोफ्थोराचे रोग. तिला आपण बुरशी म्हणतो खरं, पण तिची भित्तिका मुख्यतः ग्लुकन आणि सेल्युलोजची. कायटिनेजला तिथं तोडायला फारसं काही नाही. रोपं कोलमडवणारा पिथियम याच गटातला. त्यावर ट्रायकोडर्मा उपयोगी पडते ती इतर विकरांमुळे आणि जागा आधी बळकावते म्हणून, टरफलामुळे नव्हे. कोळेरोगाला पावसाआधी 1 टक्का बोर्डो मिश्रणच (मोरचूद आणि चुन्याचं) हवं. टरफलाच्या भरवशावर ती फवारणी चुकवलीत, तर घड हातचे जातील.

म्हणून आधी एक सुकलेलं रोप उपटा. खोड उभं चिरल्यावर आत तपकिरी रेषा दिसल्या तर फ्युजेरियमचा संशय घ्या. बुंध्याशी पांढरे धागे आणि मोहरीसारखे दाणे दिसले तर स्क्लेरोशियम.