केंद्रप्रमुखांनी वर्गनिरीक्षण कसे करावे

जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शाळेत केंद्रप्रमुखांची (आसपासच्या शाळांच्या समूहावर, म्हणजे केंद्रावर, देखरेख करणाऱ्या अधिकाऱ्यांची) भेट ठरली की हजेरीपट, पोषण आहाराची नोंदवही, यू-डायस या शासकीय शाळा-नोंद प्रणालीची माहिती आणि टाचणवह्या (पाठाच्या पूर्वतयारीच्या वह्या) यांची चळत टेबलावर आधीच मांडलेली असते आणि ती तपासता तपासता मधली सुट्टी होते. भेट नोंदवली जाते. अध्यापन मात्र कोणी पाहिलेले नसते. म्हणून शाळेत पोहोचताच आधी वर्गात जावे आणि एक तासिका संपूर्ण बसावे. कागद नंतरही तपासता येतात.

बसावे ते मागे, मुलांमध्ये. साहेब आले की बहुधा आधी झालेलाच पाठ पुन्हा घेतला जातो आणि पुढची ठरलेली मुले उत्तरे देतात. एकसुरात आलेल्या ‘होऽऽ’वरून कोणाला काय समजले हे कळत नाही. त्यापेक्षा शेजारच्या मुलाची वही उघडावी. तिसरीतल्या मुलाच्या वहीत ५२ − २७ चे उत्तर २५ असेल, त्यावर बरोबरची खूणही असेल, पण तेच मूल आपल्यासमोर ६१ − ३८ चे उत्तर ३७ काढत असेल, तर ते प्रत्येक स्थानी मोठ्या अंकातून लहान अंक वजा करते आहे आणि वहीतले उत्तर बहुधा फळ्यावरून उतरवलेले आहे, हे ओळखावे. तासिकेनंतर शिक्षकांशी एकांतात बोलताना हीच वही पुढे ठेवावी. ‘अध्यापनात सुधारणा आवश्यक’ हा नेहमीचा शेरा निरुपयोगी आहे. ‘दशक सुटा करणे काड्यांच्या गठ्ठ्यांवरून घ्यावे’ हा शेरा दुसऱ्या दिवशी वर्गात वापरता येतो.

द्विशिक्षकी शाळेत मोजमाप बदलावे लागते. शिक्षण हक्क कायद्यानुसार पहिली ते पाचवीच्या साठपर्यंतच्या पटाला दोनच शिक्षक मिळतात, त्यामुळे एका इयत्तेला शिकवताना शेजारच्या इयत्तेला हेतुपूर्वक काम दिले आहे की नुसते शुद्धलेखन, हे तेथे पाहावे. दुसरे शिक्षक बैठकीला गेले असतील, तर त्या दिवशीचा पाठ निरीक्षणासाठी धरू नये.

याच कायद्याचे कलम २७ जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणुका वगळता शिक्षकांना अशैक्षणिक कामे देण्यास मनाई करते. प्रत्यक्षात शाळेच्या वेळेत व्हॉट्सॲप गटावर ‘तातडीचे’ म्हणून माहितीचे तक्ते मागवणारे पुष्कळदा आपणच असतो (आपल्याला ते वरून आलेले असतात, हेही खरेच). ती मागणी निदान शाळा सुटल्यावर करावी.

केंद्रात दहाच्या आसपास शाळा असल्याने सर्वांना एकसारखा वेळ देण्याचा अट्टाहास नको. जेथे अडचण दिसली तेथे महिन्याच्या आत पुन्हा जावे आणि त्याच मुलाला ७३ − ४६ घालावे. उत्तर ३३ आले, तर पुढच्या शिक्षण परिषदेत (केंद्रातील शिक्षकांच्या एकत्रित बैठकीत) शाळेचे नाव न घेता हाच घटक चर्चेला ठेवावा.